लोणारहून ॲरिझोनापर्यंत : परदेशीं मोटार हांकण्याचा परवाना

लोणारास आगगाडी नाहीं. जालना अथवा मलकापूर येथें उतरावें आणि पुढें रस्ता धरावा, असाच येथील क्रम आहे. म्हणून लोणारास जो जो कोणी आला तो शेवटीं रस्त्यानेंच आला. १८२३ सालीं जे. ई. अलेक्झांडर नांवाचा इंग्रज अधिकारी आला आणि त्याच्या लिहिण्यामुळें येथील विवराची वार्ता पश्चिमेकडील विद्वानांच्या कानीं गेली. त्याच्याहि पूर्वीं, अकबराच्या कारकीर्दींतील 'ऐन-इ-अकबरी' या ग्रंथांत येथील क्षारांची नोंद झालेली आहे; कांच व साबण करण्यास लागणारें साहित्य या भागांत मिळतें असें अबुल फजल सांगतो. लवणासुराचा वध करणाऱ्या दैत्यसूदनाची कथा तर आमच्याकडे लहान मूलहि सांगेल, आणि त्या दैत्यसूदनाचें कोरींव कामाचें जुनें देऊळ गांवांत आजहि उभें आहे.

कांठावर उभें राहून खालीं पाहिलें म्हणजे प्रथम आकाराचा अंदाजच लागत नाहीं. विवराचा व्यास सुमारें १,८०० मीटर, म्हणजे एका कांठावरून समोरच्या कांठावरील मनुष्य ठिपक्याएवढाहि दिसावयाचा नाहीं. तळाशीं क्षारयुक्त पाणी, त्याच्या भोंवतीं दाट झाडी, झाडींत मोरांचे आवाज, आणि पाण्याच्या अगदीं कडेस कमळजादेवीचें देऊळ. वरती कांठाजवळ गोमुखांतून गोड पाण्याची धार अहोरात्र पडत असते, आणि खालचें पाणी मात्र जिभेस लाववत नाहीं. या विरोधाचें आश्चर्य वाटल्यावांचून एकहि प्रवासी परत जात नाहीं. २०२० च्या जून महिन्यांत हें पाणी अकस्मात् गुलाबी झालें होतें. क्षारांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें तसें घडलें असें शास्त्रज्ञांनीं सांगितलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सरोवराचा समावेश रामसर करारांतील पाणथळ जागांच्या यादींत झाला.

असें स्थळ पाहावयास परदेशी मनुष्य येणारच. तो बहुधा छत्रपती संभाजीनगराहून वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर, मोटार आणि हांकणारा अशी दोन्ही भाड्यानें घेऊन येतो. क्वचित् एखादा मात्र स्वतः हांकीत येतो. कांहीं वर्षांपूर्वीं असेंच एक तरुण परदेशी जोडपें पर्यटन महामंडळाच्या विश्रामगृहापाशीं उतरलें होतें, आणि इंग्रजी बोलणारा म्हणून मला कोणीतरी तेथें नेलें. बोलतां बोलतां त्या तरुणानें खिशांतून एक करड्या वेष्टनाची लहानशी पुस्तिका काढून दाखविली. आंतील पानांवर एकच मजकूर निरनिराळ्या भाषांत छापलेला, एके ठिकाणीं छायाचित्र, आणि त्यावर शिक्का. हाच तो आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना. आज त्याविषयींच लिहावयाचें योजिलें आहे. कारण आतां त्याची गरज येणाऱ्यांपेक्षां आपल्या घरांतून जाणाऱ्यांस अधिक पडूं लागली आहे.

वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें किंवा मुली परदेशीं असतील. आईबापांनीं सहा महिने जाऊन यावें, नातवंडांस श्लोक शिकवावे, असा परिपाठ आतां आमच्यासारख्या तालुक्याच्या गांवांतहि पडला आहे. जाण्याचा आनंद मोठा असतो. परंतु पहिले पंधरा दिवस संपले म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते व ती कोणी पत्रांत लिहीत नाहीं. मुलगा व सून कामावर, नातवंडें शाळेंत, आणि घर अशा ठिकाणीं कीं दुकान, देऊळ, वाचनालय, कांहींच पायीं जाण्याच्या टप्प्यांत नाहीं. मोटारीवांचून तेथें मनुष्य पांगळा. ज्या गृहस्थानें इकडे तीस-तीस वर्षें स्वतःची गाडी चालविली, लग्नें-मुंजी, दवाखाने, बाजार सर्व स्वतःच्या जिवावर उरकलें, तो तेथें कोथिंबिरीच्या जुडीसाठींहि संध्याकाळपर्यंत मुलाची वाट पाहत बसतो. आमच्या मंडळींनीं याचें वर्णन एका वाक्यांत केलें होतें : "इथें आपण पाहुणे नाहीं, सामान आहोंत, कोणीतरी उचलून ठेवील तेव्हां हलावयाचें." हें वाक्य मला फार लागलें, आणि पुढील खेपेस जातांना परवान्याची नीट चौकशी करण्याचें मीं मनाशीं ठरविलें.

चौकशी करूं लागलों तों गांवांत मतें दोन. एक म्हणे, "गुरुजी, त्या पुस्तिकेवांचून तिकडे स्टिअरिंगला हात लावतां येत नाहीं." दुसरा म्हणे, "कांहीं लागत नाहीं, आपलें लायसन इंग्रजींत आहे, तेवढें पुरे." दोघेहि परदेशीं जाऊन आलेले, आणि दोघेहि खरें बोलत होते, एक जाऊन आला होता जपानास, दुसरा इंग्लंडास. या प्रश्नास सर्व जगास लागू पडेल असें एक उत्तर नाहीं, येथूनच आरंभ केला पाहिजे.

मुळांत ही वस्तु काय आहे तें पाहूं. नांवांत परवाना हा शब्द असला तरी तो स्वतंत्र परवाना नव्हे. आपल्या देशानें आपणांस मोटार हांकण्याचा जो मूळ परवाना दिलेला असतो, त्याचें तें अधिकृत भाषांतर आहे. मूळ परवाना जवळ नसेल तर पुस्तिका निरुपयोगी. आणि ज्या देशानें ती दिली त्या देशांत तर तिला कांहींच किंमत नाहीं. बुलढाण्यास मिळालेली पुस्तिका दाखवून मेहकरपर्यंत देखील गाडी नेतां यावयाची नाहीं. युरोपांत मोटारी वाढल्या तशी सीमा ओलांडतांना अडचण पडूं लागली, म्हणून १९०९ सालीं पॅरिस येथें एक करार झाला, १९२६ सालीं तेथेंच दुसरा झाला, मग १९४९ सालीं जिनिव्हा येथें आणि १९६८ सालीं व्हिएन्ना येथें. भारत देतो तो परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारास धरून असतो. त्याची मुदत एक वर्षाची. पण मूळ परवाना त्यापूर्वींच संपत असेल तर पुस्तिकाहि त्याच दिवशीं संपली असें समजावें.

ही शेवटची अट आमच्या वयाच्या लोकांनीं विशेष लक्षांत ठेवावी. पंचावन्न वर्षें उलटल्यावर आपला मूळ परवाना एका वेळीं पांच वर्षांपुरताच नवा करून मिळतो, आणि त्यासाठीं वैद्यकीय दाखलाहि द्यावा लागतो. परदेशीं असतांना ही मुदत संपली तर पुस्तिकेवरची तारीख कितीहि पुढची असली तरी उपयोग नाहीं. तेव्हां आधीं मूळ परवाना नवा करावा आणि मग पुस्तिका मागावी.

संस्कृत शिकलेल्या मनुष्यास येथें कौटिल्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत मुद्राध्यक्ष नांवाचा एक अधिकारी सांगितला आहे. त्यानें एक माषक घेऊन प्रवाशास मुद्रा द्यावी, आणि ज्याच्याजवळ मुद्रा असेल त्यालाच जनपदांत येतां अगर जनपदांतून जातां यावें, असा नियम आहे. मुद्रेसह असणारा तो 'समुद्र'. आजचा प्रवासी समुद्रापार जातो तोहि याच अर्थानें 'समुद्र' असावा लागतो, ही शब्दांची गंमत मला फार दिवस पुरली. मुद्रेवांचून सांपडलेल्या देशवासीयास बारा पण दंड, बनावट मुद्रा बाळगणारास त्याहून मोठा दंड, आणि परदेशी मनुष्य असेल तर सर्वांत मोठा. या मुद्रा तपासण्याचें काम कुरणांच्या अध्यक्षाकडे दिलेलें आहे. आजच्या महामार्गावरील पोलिसाचा तो पूर्वजच म्हणावयाचा.

बनावट मुद्रेचा प्रश्नहि अजून मिटलेला नाहीं. 'आंतरराष्ट्रीय लायसन घरबसल्या, तीन वर्षांसाठीं' अशा जाहिराती इंटरनेटवर दिसतात व डॉलरांत पैसे घेऊन सुंदर छापलेलीं कार्डें पाठविलीं जातात. त्यांना कोणत्याहि कराराचा आधार नसतो, आणि अमेरिकन सरकारच्या ग्राहकसंरक्षण खात्यानेंहि त्यांविरुद्ध लोकांस सावध केलेलें आहे. आपल्या देशांत ही पुस्तिका देण्याचा अधिकार फक्त परिवहन खात्याचा.

आम्हां लोणारकरांचें तें कार्यालय बुलढाण्यास. ज्या गाड्यांच्या पाटीवर एम. एच. २८ असतें त्या सर्वांचें तें माहेर. लोणारहून सुलतानपूर, मेहकर, चिखली असें करीत सुमारें ९० किलोमीटर पडतात. मेहकरास पैनगंगा ओलांडावयाची, आणि वेळ असेल तर शार्ङ्गधराचें दर्शन घ्यावयाचें. त्या मूर्तीसमोर उभें राहिलें म्हणजे सरकारी कामाची घाई आपोआप शमते. चिखलीच्या पुढें रस्ता चढूं लागतो व हवा बदलते. ज्या डोंगरांत बुलढाणें वसलें आहे त्याच डोंगरांत पैनगंगेचा उगम आहे, हें मीं विद्यार्थ्यांस किती वेळां शिकविलें असेल. परंतु परवान्याच्या निमित्तानें नदीच्या उलट दिशेनें, खालून वर, असा तो प्रवास प्रथमच सावकाश झाला.

अर्जाचें काम आतां घरूनच आरंभितां येतें. सरकारच्या ज्या संकेतस्थळावर तो भरावयाचा त्याचें नांव 'सारथी' आहे, आणि हें नांव ज्यानें सुचविलें त्याला माझे शंभर पैकीं शंभर गुण. नमुना ४-अ भरावा, मूळ परवाना व पारपत्र यांच्या प्रती जोडाव्या, फी १,००० रुपये. पूर्वीं व्हिसा व वैद्यकीय दाखला हींहि दाखवावीं लागत. २०२१ च्या जानेवारींतील अधिसूचनेनें त्या दोन्ही अटी काढून टाकल्या. हें योग्यच झालें, कारण कांहीं देश व्हिसा विमानतळावर उतरल्यावर देतात, त्यांच्यासाठीं आधीं व्हिसा कोठून आणावयाचा? त्याच अधिसूचनेनें आणखी एक सोय केली : परदेशीं असतांना पुस्तिकेची मुदत संपली तर तेथील भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करतां येतो, तो येथील आर. टी. ओ. कडे येतो, आणि नवी पुस्तिका टपालानें तिकडील पत्त्यावर पाठविली जाते.

दुसरी सुधारणा २०२२ च्या ऑगस्टमधील. तोंपर्यंत आपल्या देशांत प्रत्येक राज्याची पुस्तिका निराळी. आकार निराळा, रंग निराळा. परदेशांतील अधिकाऱ्यानें एका राज्याची पाहिलेली असावी आणि दुसऱ्या राज्याची बनावट ठरवावी, असा प्रकार होई. आतां सर्व देशांत एकच नमुना ठरला, आणि मूळ परवान्याशीं तिचा संबंध तत्काळ तपासतां यावा म्हणून एक संकेतचौकटहि छापूं लागले.

आतां मुख्य प्रश्न. इंग्लंडांत पाहुणा म्हणून गेलेल्या मनुष्यास आपल्या भारतीय परवान्यावर एक वर्षपर्यंत साधी मोटार हांकतां येते. पुस्तिका लागत नाहीं. शिवाय तेथें आपल्यासारखेंच रस्त्याच्या डाव्या बाजूनें जावयाचें, त्यामुळें हातास वळण नवें लावावें लागत नाहीं. ऑस्ट्रेलियांत परवाना इंग्रजींत असला म्हणजे पाहुण्याचें काम भागतें. फ्रान्स किंवा इटली येथें मात्र मूळ परवान्याबरोबर अधिकृत भाषांतर किंवा ही पुस्तिका पाहिजेच. चीनमध्यें उलट प्रकार आहे : तो देश हा आंतरराष्ट्रीय परवाना मुळीं मानीतच नाहीं, पुस्तिका असो वा नसो. आणि जपानांत १९४९ च्या करारास धरून असलेली पुस्तिका नसेल तर भारतीय परवान्यावर गाडी हांकणें म्हणजे परवान्यावांचूनच हांकणें, असें तेथील कायदा समजतो.

जपानास गेलेला तो पहिला गृहस्थ माझा एक जुना विद्यार्थी. त्याची हकीकत अशी कीं, त्यानें होक्काइदो बेटावर फिरावयास मोटार भाड्यानें ठरविली होती, पैसेहि भरले होते. आईवडील बरोबर, वडिलांचे गुडघे दुखरे, म्हणून तर मोटार. रात्रीच्या सुमारास विमानतळावर उतरून गाडीच्या खिडकीपाशीं गेला, तों तेथील मुलीनें नम्रपणें दोन्ही हातांनीं परवाना परत केला आणि पुस्तिका मागितली. ती नव्हती. बाहेर बर्फ पडत होतें. मुलीनें अनेक वेळां वांकून क्षमा मागितली; गाडी मात्र दिली नाहीं, आणि देतांहि येत नव्हती. पुढले सहा दिवस त्या वृद्ध मनुष्यानें आगगाडीचे जिने चढण्या-उतरण्यांत काढले. एक हजार रुपयांची ती पुस्तिका जपानांत पोहोंचल्यावर चटकन् मिळण्यासारखी नव्हती. हकीकत सांगतांना त्या विद्यार्थ्याचा आवाज अजून खालीं जातो.

इंग्लंडचा आणि जपानचा न्याय असा स्पष्ट आहे. अमेरिकेचा तसा नाहीं. तेथें मोटारीचा कायदा राज्याराज्याचा निराळा. कॅलिफोर्नियांत अठरा वर्षांवरील पाहुण्यास स्वदेशाच्या चालू परवान्यावर गाडी हांकतां येते, आणि तेथील मोटार खातें स्पष्ट सांगतें कीं, आंतरराष्ट्रीय पुस्तिका हा आम्ही परवाना समजत नाहीं, तें केवळ भाषांतर आहे. परंतु हा पाहुण्याचा न्याय. जो तेथें राहावयास गेला त्यानें दहा दिवसांचे आंत त्या राज्याचा परवाना काढण्याच्या मार्गास लागलें पाहिजे. म्हणजे बापास जें चालतें तें मुलास चालत नाहीं. फ्लोरिडांत याच्या उलट गोष्ट घडली. तेथें २०१३ च्या आरंभापासून सर्व परदेशी पाहुण्यांस पुस्तिका सक्तीची करण्यांत आली. कॅनडाचे व इंग्लंडचे हजारों प्रवासी गोंधळले, हा नियम जिनिव्हा कराराशीं जुळत नाहीं असा आक्षेप निघाला, आणि त्याच वर्षीं एप्रिलमध्यें तो मागें घेतला गेला. थोरामोठ्या राज्यांसहि करार वाचल्यावांचून नियम करण्याची संवय असते तर!

याशिवाय कायद्याचें म्हणणें एक आणि गाडी भाड्यानें देणाऱ्याचें म्हणणें दुसरें असूं शकतें. राज्यानें पुस्तिका मागितली नाहीं तरी कंपनीच्या करारपत्रांत ती मागितलेली असते, विशेषतः परवाना रोमन लिपींत नसेल तेव्हां. अपघात झाला तर विमा कंपनी प्रथम हेंच पाहते कीं, हांकणारास तेथें हांकण्याचा अधिकार होता किंवा नाहीं. तेथील रुग्णालयाचें आणि दुसऱ्याच्या गाडीचें बिल डॉलरांत येतें. एका चुकीच्या कागदापायीं मुलाची दहा वर्षांची शिल्लक जाऊं शकते. माझ्या मतें परदेशांत पुस्तिका बाळगण्याचें खरें कारण हेंच. पोलीस भेटेल न भेटेल. विमा मात्र भेटतोच.

तेव्हां पुस्तिका घेऊनच आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियास, मुलाकडे गेलों. पहिले आठ दिवस एका रिकाम्या आवारांत त्यानें मला शिकविलें. मीं त्याला अक्षरें शिकविलीं होतीं, आतां तो मला उजवी बाजू शिकवीत होता. तेथें सर्व उलटें. चालक बसतो डावीकडे, गाडी चालते उजवीकडे, आणि वळण दाखविण्याची कळ डाव्या हातास असते. आपल्याकडील मनुष्याचा उजवा हात संवयीनें कळ दाबावयास जातो आणि कांचेवर पुसणी फिरूं लागते. चार रस्ते मिळतात तेथें पुष्कळदां दिवाहि नाहीं आणि शिपाईहि नाहीं, फक्त 'थांबा' अशी अष्टकोनी पाटी. जो प्रथम आला तो प्रथम गेला. कोणी पाहत नसतांहि प्रत्येक जण पूर्ण थांबतो. आमच्या मेहकर फाट्यावर हा प्रयोग करून पाहावा असें मला वाटलें, आणि लगेच वाटेनासें झालें.

आठव्या दिवशीं आमच्या मंडळीस घेऊन मी एकटा भाजीच्या दुकानापर्यंत गेलों व आलों. अंतर तीन मैल. कोथिंबीर, आलें, ताक करण्यासारखें दहीं. घरीं आल्यावर तिनें मुलाला दूरध्वनि करून सांगितलें, "संध्याकाळीं कांहीं आणूं नकोस, आम्ही आणलें आहे." तिच्या आवाजांतील तो रुबाब मीं पुष्कळ वर्षांत ऐकला नव्हता.

परंतु माझ्या मनांत दुसरेंच होतें. ॲरिझोना राज्यांत, फ्लॅगस्टाफ शहराच्या पूर्वेस, उल्कापाताचें जें प्रसिद्ध विवर आहे तें आमच्या लोणारचें भावंड. हें नातें आजचें नाहीं. १८९६ सालीं गिल्बर्ट नांवाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञानें त्या विवराची चर्चा करतांना आमच्या लोणारचें उदाहरण घेतलें होतें. त्या काळीं त्यानें तिकडचें विवर वाफेच्या स्फोटानें झालें असें ठरविलें. पुढें १९६० च्या सुमारास शूमेकर यानें तें उल्केनें झाल्याचें सिद्ध केलें, आणि १९७३ सालीं अमेरिकन व भारतीय शास्त्रज्ञांनीं मिळून लोणारचाहि निकाल तसाच लावला. भावंडांचें गोत्र ठरावयास इतकीं वर्षें लागलीं. जन्मभर लोणारच्या कांठावर राहिलेल्या मनुष्यानें त्या मुलखांत जाऊन हें विवर न पाहणें म्हणजे पंढरपुरास जाऊन विठोबा न पाहणें.

मुलास रजा नव्हती. म्हणून माझ्या नांवानें एक लहान मोटार भाड्यानें घेतली. खिडकींतील बाईनें महाराष्ट्राचा परवाना पाहिला, त्यावरील इंग्रजी अक्षरें वाचलीं, पुस्तिका उघडून दोन्ही छायाचित्रें माझ्या चेहऱ्याशीं ताडून पाहिलीं, आणि दोहोंची नोंद करून घेतली. कायद्यानें त्या राज्यांत तिला पुस्तिकेचें कारण नव्हतें. पण तिच्या कंपनीला होतें. विमा मात्र मुलाच्या आग्रहावरून पूर्ण घेतला.

बार्स्टोपासून चाळीस क्रमांकाचा महामार्ग लागतो तो सरळ पूर्वेस जातो. वाळवंटाचा मुलूख, डोंगर उघडे, झाड नाहीं, दर दहा-वीस मैलांवर एखादी पाटी. आमच्याकडे समृद्धि महामार्ग झाल्यापासून सिंदखेडराजा व मेहकरच्या बाजूच्या लोकांस असा लांबच लांब सरळ रस्ता अपरिचित राहिलेला नाहीं. तेथें शिकलेला धडा येथें उपयोगी पडला : सरळ रस्त्यावर झोंप हाच मोठा शत्रु. दर दीड तासानें आम्ही थांबत असूं. नीडल्स गांवाच्या पुढें कोलोरॅडो नदी ओलांडली कीं कॅलिफोर्निया संपतें. नदीच्या पुलावर मी मंडळीस म्हणालों, "राज्य बदललें, आतां येथें दुसरा मोटार कायदा." ती म्हणाली, "पुस्तिका पर्समध्यें आहे ना? मग बदलूं दे." किंगमन येथें मुक्काम केला व दुसऱ्या दिवशीं दुपारीं विवर गांठलें.

तेथें तिकीट काढावें लागतें, कारण विवर खासगी मालकीचें आहे. संग्रहालय उत्तम, कांठावरून पाहण्याची सोय उत्तम. व्यास सुमारें १,२०० मीटर, खोली सुमारें १७० मीटर. म्हणजे आमच्या लोणारपेक्षां अरुंद, पण खोल. वय सुमारें ५०,००० वर्षें समजतात. लोणारचेंहि वय पूर्वीं जवळजवळ तेवढेंच सांगत असत. परंतु २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या मापनानें तें सुमारें ५,७०,००० वर्षें निघालें, तेव्हां आमचें वडील भावंड ठरलें. मोठा भेद खडकाचा. आमच्याकडे काळा कातळ, लाव्ह्याचा. तेथें चुनखडी व वाळूचा फिकट दगड. उन्हांत सर्व विवर भाकरीच्या पिठासारखें पांढुरकें दिसत होतें. तळाशीं थेंबभर पाणी नाहीं, एक झाड नाहीं, एक देऊळ नाहीं. चंद्रावर जाणाऱ्या अंतराळवीरांस याच ठिकाणीं सराव दिला होता, आणि तें पाहतांच कां दिला हें समजतें.

प्रवाशांस खालीं उतरूं देत नाहींत. या एका गोष्टीनें आमची मंडळी खिन्न झाली. लोणारास नवरात्रांत ती विवराच्या पायवाटेनें उतरून कमळजेची ओटी भरून येते; येथें एवढें मोठें विवर, आणि तळाशीं जावयास वाट नाहीं, गेल्यास भेटावयास कोणी नाहीं. ती बराच वेळ कठड्याशीं उभी होती. मग तिनें पिशवींतून थोडी हळद काढून कांठाच्या दगडास लाविली. पहारेकऱ्यानें पाहिलें, पण तो कांहीं बोलला नाहीं.

परततांना पुन्हा कोलोरॅडो ओलांडली. कॅलिफोर्नियाच्या सीमेवर चौकी आहे व तेथें सर्व मोटारी थांबवितात, हें मला मुलानें आधींच सांगितलें होतें. म्हणून परवाना, पुस्तिका, पारपत्र आणि विम्याचा कागद मंडळीनें हातांत तयार धरले होते. गणवेषांतील मनुष्यानें कांचेशीं वांकून नमस्कार केला आणि विचारलें तें एवढेंच कीं, गाडींत फळें किंवा झाडाचीं रोपें आहेत काय? त्या राज्यांतील शेतीस बाहेरून कीड येऊं नये म्हणून ती चौकी आहे. किंगमनला घेतलेलीं दोन संत्रीं होतीं. तीं त्यानें पाहिलीं, ठेवून घेतलीं, आणि कागदांकडे न पाहतांच आम्हांस पुढें जाण्यास हात दाखविला.